लसणीचा मऊ भात

दादा,

प्रिय वगैरे लिहायची आज इच्छा नाही.

आई गेल्यावर दीड महिना बाबा धड जेवले नाहीत. मला स्वयंपाक येत नव्हता, हे तुला ठाऊक होतं. कपड्यांच्या कारखान्यातल्या मैत्रिणींनी मला शिकवलं. काजं करणारी म्हणाली, "भोपळा आधी भाज, मग सूप कर." बटणं लावणारी तर घरीच आली आणि माझ्याकडून लसणीचा मऊ भात तीनदा करून घेतला. दोनदा करपला. तिसऱ्यांदाचा बाबांनी मागून मागून खाल्ला.

परवा तू दोन दिवसांसाठी उगवलास. जेवताना ताट बाजूला सारून बाबांदेखत म्हणालास, "कुणाकुणाच्या घरचं शिकते आणि म्हाताऱ्याच्या माथी मारते. आईच्या हातची चव कुठे नि हे कुठे!" बाबांनी भात तसाच टाकला. तू निघेपर्यंत ते पाण्यावर राहिले. आणि जाताना तू मलाच सुनावलंस, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

कुठल्या तोंडाने रे? कधी त्यांना कपभर चहा तरी करून दिलास?

तू गेल्यावर मी आत आले, तर बाबा जेवायला बसलेले.

"गेला का तो?"

"गेला."

"मग वाढ. तुझ्या आईला मऊ भात कधीच जमला नाही. पण तिच्याबद्दल असं त्याच्यासमोर कसं बोलू?"

हे पत्र मी पाठवणार नाही. तू लगेच फोन करून त्यांना जाब विचारशील आणि ते पुन्हा जेवण सोडतील.

तुझी धाकटी