शेंदराखालची अक्षरे

ठाणे, रविवार, ८ फेब्रुवारी १९५३

आज इतिहास मंडळात माझे व्याख्यान रंगले. मिठागराच्या गावातून आणलेला शिलालेख मंचावर होता. अक्षरे वाचता यावीत म्हणून त्याच्यावरचा शेंदूर मीच परवा खरवडला. टाळ्या थांबताच त्या गावची एक म्हातारी उठली. "मास्तर, आमचा देव उघरा केलास. आता त्याला वलखू कसा रं?"

सभा हसली. चिटणीस कुजबुजले, "मनावर घेऊ नका हो, अडाणी बाई."

मी त्यांच्यावर भडकलो. पण शेंदूर खरवडला कोणी? मीच. दगड आणताना गावच्या पाटलाला विचारले होते. रोज दिवा लावणाऱ्या हिला नाही.

लेखाचा ठसा कागदावर आहे. दगड उद्या परत न्यायचा. शेंदूर तीच लावील. मी गावासमोर फक्त "चुकलो" म्हणायचे.

नखांत शेंदूर आहेच अजून. एवढे लहान भाषण मला जमेल?