उलटा कप

दादा,

डॉक्टरीणबाईंकडे जातेय, घाबरू नकोस. तू रात्रपाळी करून आलायस, झोप.

टेबलावर माझा कप उलटा दिसला की माझ्याशी बोलायचं नाही, हा नियम माझाच. उजेड, आवाज, माणसं अंगावर यायला लागली की मला शांतता लागते. ते ऑटिझमचं. तू नियम इमानेइतबारे पाळलास. आठवडाभर चोरपावलांनी वावरलास, मिक्सरसुद्धा लावला नाहीस.

पण या वेळी ते नव्हतं रे. ही ती दुसरी, उदासी. तिच्यातही मी गप्पच असते, म्हणून बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. कप सुलटा करायलासुद्धा हात उचलवत नव्हता. दाराबाहेर तू थांबून परत जायचास, ते कळायचं. आणि मला तुझाच राग यायचा, नियम पाळतोस म्हणून! कमाल आहे ना माझी?

तर यापुढे कप उलटा आणि जेवणाचं ताटही न शिवता पडलेलं दिसलं, तर सरळ आत ये. प्रश्न नकोत, उपदेश तर मुळीच नको. नुसता बस.

मी ‘जा’ म्हणेन. माझं सगळं ऐकतोस, तेवढं ऐकू नकोस.

— बुटकी