रस्त्याखालचा मोठा पाइप

बाबा, आपल्या घरामागच्या चर्चच्या जागेवर आज सकाळी मोजणीची माणसं आली. नारिंगी जाकिटं घालून बर्फात खुंट्या ठोकत होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्याउभ्या बघत राहिले आणि चहा गार झाला. तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी ते चर्च बंद पडलं, मग पाडलं, आणि तेव्हापासून तिथे नुसतं गवत आणि पार्किंगचं फुटकं डांबर आहे. आता तिथे चार मजली इमारत होणार आहे, लहान लहान फ्लॅटची. खरं तर ती केव्हाच उभी राहिली असती. का राहिली नाही, ते तुम्हाला सांगायचं आहे.

तुम्ही आम्हाला पहिल्यांदा उत्तरेकडे फिरायला नेलंत तो उन्हाळा आठवतो. नागपूरहून या देशात येऊन आपल्याला वर्षही झालं नव्हतं, किराणा दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना झाडं, मग तळं, मग पुन्हा झाडं. कितीतरी वेळ एकही घर दिसत नाही. मी मागच्या सीटवरून विचारते, "बाबा, एवढी जागा रिकामी पडलीय, मग आपल्याला घर काहून मिळत नाही?" त्याच आठवड्यात आपण भाड्याचं एक घर बघायला गेलो होतो. फोनवर 'या' म्हणणाऱ्या बाईने दार अर्धंच उघडलं, आपल्याकडे बघितलं आणि आत्ताच दिलं म्हणाली. खिडकीतली पाटी तशीच होती. आई गाडीत येऊन बसली आणि म्हणाली, "त्यांना वाटतं, ही माणसं आज आहेत, उद्या नाहीत." तुम्ही गाडी सुरू केलीत. मग त्या उत्तरेच्या रस्त्यावर म्हणालात, "नुसती जमीन म्हणजे घर नाही, बेटा. इथे पाणी कुठून आणशील? सांडपाणी कुठे सोडशील? रोज कामाला कुठे जाशील? माणसं कामाजवळ जातात. आणि कामाजवळ आधी आलेले लोक ऐसपैस बसलेले असतात. ते जरा सरकून बसले, की नव्याला जागा होते."

पुढे एका म्हाताऱ्या विधवा बाईने तिचं बेसमेंट आपल्याला दिलं, आणि काही वर्षांनी तुम्ही हे घर घेतलंत. शहराच्या पाणी आणि सांडपाणी खात्यात तुम्ही इंजिनिअर होतात, आणि योगायोगाने आपल्याच रस्त्याखालची सांडपाण्याची जुनी लाइन बदलायचं काम तुमच्याकडे आलं. त्या दिवसांत तुम्ही जेवताना फार चिडलेले असायचात. "साहेब म्हणतो, या रस्त्यावर आहेत तेवढीच घरं राहणार, लहान पाइप पुरे. मी म्हटलं, कोणी सांगितलं? माणसं येतच राहणार. रस्ता एकदाच खणायचा आहे, तर मोठा पाइप टाका." आई म्हणायची, "अहो, आधी पोळी संपवा." शेवटी तुम्ही साहेबाला ऐकायला लावलंतच. पाइप उतरवला त्या दिवशी शाळेतून येताना मला खड्ड्याच्या कडेशी उभं केलंत आणि म्हणालात, "हे कोणाला दिसणार नाही. पण इथे आणखी लोक राहायला येतील, तेव्हा कोणाला नाही म्हणावं लागणार नाही." मला लाज वाटत होती. वर्गातल्या मुली बघत होत्या आणि माझे वडील गटाराच्या पाइपाचं कौतुक करत होते.

माझे यजमान गेल्यापासून या घरात वर मी एकटीच राहते. खाली बेसमेंटमध्ये लेक आणि जावई राहत होते. दोघंही नोकरी करणारे, ती हॉस्पिटलमध्ये नर्स, तो एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्यांना स्वतःचं घर हवं होतं. मी म्हणायचे, अगं, वरच्या खोल्या घ्या, रिकाम्याच आहेत. ती म्हणायची, "आय लव्ह यू मॉम, पण मला चाळिशी तुझ्या घरात गाठायची नाही." शनिवार-रविवार ते घरं बघत फिरायचे. प्रत्येक वेळी कोणीतरी जास्त बोली लावून जायचं. पुष्कळदा ते कोणीतरी तिथे राहणारंही नसायचं, घर घेऊन भाड्याने देणारं असायचं. आणि आपल्या रस्त्यासारख्या रस्त्यांवर एका प्लॉटवर एकच घर, असा नियम पडलेला. त्यामुळे नवी घरं बांधली तरी शहराबाहेर शेतात, जिथून तिला रात्रपाळीला येणं म्हणजे हिवाळ्यात जिवाशी खेळ.

अशात चर्चच्या जागेवर फ्लॅट बांधायचा प्रस्ताव आला. समोरचे शेजारी माझ्याकडे आले. निवृत्त शिक्षक आहेत, स्वभावाने चांगले. यांच्या आजारपणात आमच्या ड्राइव्ह-वेवरचा बर्फ त्यांनीच न सांगता उपसला होता. माझ्या टेबलाशी बसून ते म्हणाले, "तुम्ही या रस्त्यावर आमच्या सगळ्यांच्या आधीपासून आहात. नगरपालिकेच्या सभेत आमच्या वतीने तुम्हीच बोलायला हवं." बाबा, आमच्या वतीने. हा शब्द ऐकायला मी लहानपणापासून थांबले होते, हे मला तेव्हा कळलं. ज्या दारातून आपल्याला परत पाठवलं होतं, त्याच दाराच्या आतल्या बाजूने मला कोणीतरी बोलावत होतं. मी हो म्हटलं. मनात आपल्या अंगणातल्या उन्हाचाही विचार होता, आणि शेजारी फ्लॅट झाले तर या घराचा भाव उतरेल, याचाही. माझं म्हातारपण या घरावरच अवलंबून आहे, असं मी स्वतःला समजावलं.

सभेत मी आधी रहदारीवर बोलले, मग सावलीवर. लोक माना डोलवत होते, आणि मला चेव चढला. म्हणाले, "अशा फ्लॅटमधली माणसं टिकत नाहीत. आज आहेत, उद्या नाहीत." हो, आईचेच शब्द, माझ्या तोंडून, इंग्रजीत. मग एका सदस्याने विचारलं, रस्त्याखालच्या लाइनला एवढा भार झेपेल का? मी माइकजवळ जाऊन म्हणाले, "झेपणार नाही. माझे वडील याच शहरात या कामावर इंजिनिअर होते. मला माहीत आहे." मला माहीत होतंच. नेमकं उलटं माहीत होतं. टाळ्या पडल्या. पाइपांची तपासणी होईपर्यंत प्रस्ताव पुढे ढकलला गेला. तपासणी रेंगाळली, बांधणाऱ्याला थांबणं परवडेना, आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी लेक वर आली. तिने सभा फोनवर पाहिली होती. ड्यूटीचे कपडेही बदलले नव्हते.

"मॉम, दोज पीपल, त्या फ्लॅटमधले लोक. कोण वाटले तुला?"

"मी तुमच्याबद्दल नाही बोलले गं."

"दॅट्स अस, मॉम. ते लोक म्हणजे आम्हीच. त्या जागेसाठी आम्ही नाव द्यायचं ठरवलं होतं. तुला सरप्राइज देणार होतो. अगदी तुझ्या मागे."

मी म्हटलं, आधी सांगायचं नाही का? "म्हणजे आम्ही असतो तर चाललं असतं?" एवढं विचारून ती खाली गेली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतरच्या वसंतात ती दोघं सॅस्कटूनला गेली. तिथे त्यांना घर घेता आलं, बाळही तिथेच झालं. मी विमानाने जाते, थोडे दिवस राहते, आणि नात मला ओळखू लागते न लागते तोच परत येते.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी घरांचा विषय निघतो. कोणी म्हणतं विद्यार्थी फार आले, कोणी म्हणतं बँकांनी कर्ज स्वस्त केलं, कोणी बिल्डरांना शिव्या देतं, आणि ब्रॅम्पटनहून आलेले गृहस्थ मोदक खाता खाता आपण घेतलेल्या दुसऱ्या काँडो-फ्लॅटची बातमी देतात. सगळं थोडं थोडं खरं असेल. एवढ्या अफाट देशात सगळ्यांनी दोन-चार शहरांतच गर्दी केली, हेही खरं. पण तिथे बसलेल्या कोणाच्याही तोंडून 'मी' हा शब्द आलेला मी ऐकला नाही. मीही शांतपणे खात असते.

गेल्या शरद ऋतूत प्रस्ताव पुन्हा आला, दुसऱ्या बांधणाऱ्याचा. या वेळी मला कोणी बोलावलं नव्हतं, मीच नाव दिलं. उभी राहिले आणि सांगितलं, मागच्या वेळी मी खोटं बोलले होते. पाइप मोठा आहे, माझ्या वडिलांनी भांडून मोठा टाकून घेतला होता, आणि माझी मुलगी घर न मिळाल्यामुळे हे शहर सोडून गेली. समोरचे शेजारी माझ्याच रांगेत होते. ते उठले आणि मागे जाऊन बसले. अजून ते हात हलवतात, पण टेबलाशी येऊन बसत नाहीत.

प्रस्ताव मंजूर झाला. सॅस्कटूनहून लेकीचा फोन आला. "आजोबा वुड बी सो प्राउड," ती म्हणाली. तिने तुम्हाला पाहिलेलंही नाही. मी हो गं, हो गं करत राहिले. तिला वाटतं, तिची आई बदलली.

बाबा, मत मोजत होते तेव्हा मी डोळे मिटून बसले होते. मी बाजूने बोलले होते, तरी प्रस्ताव पडावा, असंच मला मनातून वाटत होतं.