नानांची गाडी गळत नाही

ता. ७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोरांच्या परीक्षा संपल्या हे वाचून बरं वाटलं. आमची इथे आत्ता कुठे सुरू झाली आहे.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे तुला कळवलंच होतं. उजव्या डोळ्यावर पट्टी आहे, आणि डावा पूर्वीपासून किती कामाचा ते तू जाणतेसच. सहा बुधवार दवाखान्यात दाखवायचंय. पहिल्या बुधवारी नाना ऐटीत तिला गाडीतून घेऊन निघाले. पाऊस होता. पुलापर्यंत जाताजाता आईच्या मांडीवर तळं झालं. तिथे सिग्नलला गाडी थांबली आणि छताच्या कडेचा एक टपोरा थेंब नेमका पट्टीवर पडला. पट्टी ओली होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. आई म्हणाली की गाडी गळतेय. नाना म्हणाले की गळत नाही, लाकडाला घाम येतो. आईने तिथल्या तिथे दार उघडलं, उतरली आणि मागून येणाऱ्या बसमध्ये चढली. घरी आल्यावर तिने जाहीर केलं की ही गाडी गळायची थांबेपर्यंत आपण तिच्यात पाय ठेवणार नाही.

गाडी आईच्या आधी दोन वर्षं घरात आली म्हणून आई तिला 'मोठ्या बाई' म्हणते, ते इतकी वर्षं चेष्टेत होतं. आता त्यात चेष्टा राहिलेली नाही. मी रजा काढतो म्हणालो तर मलाच झापलं, म्हणे मला सोबत नको, मला कोरडी जागा हवी. आता दोन बस बदलून एकटी जाणार. नाना म्हणतात, जाऊ दे, येईल ताळ्यावर. त्यांना महिनाअखेर जुन्या गाड्यांच्या मंडळाचं 'अस्सल गाडी' पदक मिळायचंय. गाडी गळते हे ते कबूल करतील त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवेल. काय करू ते कळव. मुलांना पापे.

तुझा धाकटा,
शेंडेफळ


ता. ११ जून

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

आता मी इथून सल्ला दिला की उंटावरून शेळ्या हाकते म्हणशील. म्हण. पण तू तिथे चालत असून कोणती शेळी हाकलीस ते आधी सांग.

त्या गाडीत कोणी कुठे बसायचं ते वयावर नव्हतं, गळतीवर होतं. मागच्या सरकत्या काचेखाली मी, कारण मला सर्दी होत नसे. तू मधे, कारण तुला व्हायची. मांडीवर पेला धरून मी सतरापर्यंत पाढे पाठ केले, आणि पेला भरला की नाना आरशातून बघून म्हणत, तहान लागली होती वाटतं. शाळेच्या दारात मी डाव्या बाजूने ओली आणि उजव्या बाजूने कोरडी अशी उतरायची. बाईंनी एकदा विचारलं, पाऊस एकाच बाजूने येतो का. मी नानांचा शब्द राखला आणि म्हणाले, हो.

आपण सगळ्यांनीच तो राखला, म्हणून ही वेळ आली. नदीवर होड्या दुरुस्त करणारे मिस्त्री अजून आहेत ना? त्यांना बोलाव. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. नाना मंडळात गेले की गाडी दाखव. आणि आईच्या पट्टीला जप, बाकी गाडी गेली उडत.

तुझी,
ताई


ता. १६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मिस्त्री आले. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले की होडीत पाणी बाहेर असतं, तुमच्याकडे आत आहे, एवढाच फरक.

मागचा अर्धा भाग लाकडी चौकटीचा, मधे पत्रे, हे तुला आठवतच असेल. वरून वार्निश चकाकत होतं, कारण नाना दर रविवारी ते लावतात. मिस्त्रींनी खालच्या आडव्या लाकडावर पेचकस टेकवला. टेकवलाच फक्त, तर तो मुठीपर्यंत आत गेला. काचांच्या खाचांत शेवाळ, चाकावरच्या पत्र्याला गंजून पडलेली भोकं, त्यांवर थापलेली लांबी, म्हणजे पुट्टी, आणि लांबीवर रंग. मागच्या दाराच्या कोपऱ्यात तर चक्क अळंबी उगवली आहेत. पायाखालची सतरंजी उचलली आणि मला रस्ता दिसला.

पण खरी गंमत पुढेच आहे. त्या खालच्या लाकडात बनवणाऱ्याने पाणी निघून जायला भोकं ठेवली होती, एका बाजूला सहा. बाराच्या बारा बुजलेली! मिस्त्रींनी तारेने कोरून एकेक थर बाहेर काढला. सगळ्यांत वर लांबी. ती माझी, कॉलेजात असताना भरलेली, आता लपवत नाही. तिच्याखाली मेणबत्तीचं मेण. ते कुणाचं ते तू सांग. त्याखाली आईच्या जुन्या उशीच्या अभ्र्याच्या चिंध्या. आणि सगळ्यांत आत डांबर. डांबर घरात एकच माणूस आणत असे, ताई. जी गाडी गळत नाही तिला तो डांबर कशाला लावत होता? प्रत्येकाने नाना बघत नाहीत असं पाहून भोकं बुजवली, आणि नानांनी आपण बघत नाही असं पाहून.

मिस्त्री म्हणाले, जुन्या गाडीत पाणी वरून थोडं येणारच, त्याने काही बिघडत नाही. तुम्ही त्याची जायची वाट बंद केलीत, म्हणून ते आत बसून लाकूड खात राहिलं. आजार रेड्याला, औषध पखालीला.

एवढ्यात नाना परत आले, तेही मंडळाच्या सेक्रेटरींना घेऊन. सेक्रेटरींची स्वतःची गाडी इतकी अस्सल आहे की चालत नाही, प्रदर्शनाला ट्रकवर चढवून आणतात. त्यांनी भिंगातून अळंबी पाहिली आणि खुलून म्हणाले की हिला हात लावू नका, हे वय कृत्रिमरीत्या आणता येत नाही. गळती तर त्या वर्षीच्या सगळ्या गाड्यांत होती, तेव्हा तीही अस्सलच. पाव हिश्शाहून जास्त लाकूड बदललं तर गाडी नक्कल ठरेल आणि पदक जाईल. मिस्त्रींच्या मते चारांतले तीन हिस्से बदलावं लागेल. नानांनी मिस्त्रींना चहा पाजून वाटेला लावलं.

आणखी एक. गेल्या बुधवारी आई बसने गेली तेव्हा नाना गाडी घेऊन बसच्या मागेमागे गेले. रिकामी गाडी! माझ्या मित्राने पाहिलं. मला विचारत होता, तुझ्या वडिलांचं त्या बसकडे काही येणं आहे का.

तुझा,
शेंडेफळ


ता. २० जून

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या भावाच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा तुला सर्व कळले असेलच. माझी बाजू मी स्वतः मांडतो.

पहिला मुद्दा. गाडी गळत नाही. गेल्या बेचाळीस वर्षांत गळलेली नाही. ती दमट आहे. लाकडी सांगाड्याची गाडी श्वास घेते, हे पत्र्याच्या डब्यातून फिरणाऱ्यांना समजायचे नाही. दुसरा मुद्दा, डांबर. ते मी धूळ आत येऊ नये म्हणून लावले होते. तिसरा मुद्दा, पदक. ते तीस तारखेला आहे. आयुष्यात मला कोणी काही दिलेले नाही. कचेरीतून निवृत्त झालो तेव्हा हार दिला, तोही दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी असलेला. तेव्हा तीस तारखेपर्यंत गाडीला हात लागणार नाही.

आता जे लिहितो ते तुझ्यापाशीच ठेव. मी बुधवारी बसच्या मागे जातो. परवा तुझी आई एक थांबा आधीच उतरली. पाटी वाचता आली नसावी. फूटपाथवर एका हाताने भिंत चाचपत ती उभी राहिली, आणि बस गेल्यावरही हललीच नाही. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. हाक मारली असती तर मी मागे असतो हे तिला कळले असते, म्हणून मारली नाही. शेवटी एका परक्या माणसाने तिला हात देऊन दवाखान्यापर्यंत नेले. मी गाडीत बसून ते पाहिले. मला फार भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

उरलेल्या तीन बुधवारांसाठी तू येऊ शकशील का? तुझ्या यजमानांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
नाना


ता. २३ जून

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

मेण माझं होतं. आठवीत असताना लावलं. गाडी गळते असं म्हणायची हिंमत नव्हती, पण तुमची गाडी बरी व्हावी असं फार वाटायचं. आमच्या घरात प्रेमाचीसुद्धा चोरी करावी लागायची, नाना.

मी येऊ शकते. उद्या निघाले तर परवा पोचेन. पण येणार नाही. मी आले तर आईला हात धरायला माणूस मिळेल आणि तुम्हाला मागे राहायला आणखी तीन बुधवार मिळतील. परक्या माणसाने जे केलं ते करायला तुम्हाला फक्त रस्ता ओलांडायचा होता.

पदक मिळावं असं मलाही वाटतं. हाराची गोष्ट तुम्ही पूर्वी कधी सांगितली नव्हती. वाचून वाईट वाटलं, आणि त्या कचेरीचा रागही आला. पण तुम्हाला काय हवं ते तुम्ही दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय आणि कशाची भीती वाटते ते तिसऱ्यात. मला तिसरा जास्त पटला. उलट बोलले म्हणून रागावू नका. रागावलात तर निदान आईवर काढू नका.

तुमची लाडकी, असं तुम्हीच म्हणत असा,
ताई


ता. ६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू नानांना काय लिहिलंस ते ते सांगत नाहीत. पत्र वाचून ते अर्धा तास गाडीत बसले, मग बाहेर येऊन स्वतःच नदीवर गेले आणि मिस्त्रींना घेऊन आले. खालचं लाकूड कापायला पहिली करवत त्यांनीच लावली. करवत लावायची गरजच नव्हती म्हणा, लाकूड चमच्याने निघालं असतं.

दहा दिवस अंगणात भुसाच भुसा. खालची दोन्ही आडवी लाकडं नवी, मागच्या दाराची चौकट नवी, उभे चार खांब खालून हातभर नवे जोडले. चाकांवरचे पत्रे कापून दुसरे बसवले, पोचे ठोकून काढले, पुढच्या काचेचं रबर बदललं. बारा भोकं मोकळी ठेवली आहेत आणि मिस्त्रींनी आम्हा सर्वांना रांगेत उभं करून ताकीद दिली की कुणी प्रेमाने काही भरायचं नाही.

तीस तारखेला सेक्रेटरी येऊन नवं लाकूड पाहून गेले. नानांच्या खांद्यावर हात ठेवून, मयताला आल्यासारखं, म्हणाले की फार वाईट झालं. पदक त्या सेक्रेटरींनाच मिळालं. गाडी ट्रकवरून उतरवताना तिचं दार निखळलं, तेही अस्सल होतं म्हणून गुण वाढले असं ऐकतो.

गाडी मिस्त्रींच्या कामात अडकलेली, त्यामुळे मागच्या बुधवारी नाना आईच्याच बसमध्ये शेवटच्या बाकावर वर्तमानपत्राआड बसून गेले. एवढं झालं तरी 'शेजारी बसू का' म्हणायला जीभ रेटली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

आज नळीने तासभर पाणी मारून पाहिलं. मागे कोरडं, आईच्या जागी कोरडं. फक्त नानांच्या जागी, मानेवर, थेंब. मिस्त्री म्हणाले छताच्या सांध्यातून येतोय, तो काढायचा तर सगळं छत उतरवावं लागेल, आणि ते घराचं छप्पर शाकारण्याइतकं काम आहे. आईची अट तर तुला ठाऊकच आहे, थेंब म्हणजे थेंब. येता बुधवार शेवटचा, पट्टी निघायची. मला तर काही आशा दिसत नाही.

तुझा,
शेंडेफळ


ता. १० जुलै

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहितेय, पट्टीशिवाय. ओळी वाकड्या गेल्या तर डोळ्याला बोल लावू नकोस, माझं अक्षर पूर्वीपासून असंच आहे.

काल पाऊस धो धो होता. मी थांब्यावर रांगेत उभी होते. गाडी येऊन समोर थांबली, मागे नाही. तुझे वडील उतरले, छत्रीबित्री काही नाही, आणि त्या सगळ्या रांगेसमोर मला म्हणाले की ऐक, गाडी गळतेय. माझ्या बाजूला गळतेय, तुझी कोरडी आहे. पहिल्यापासूनच गळत होती, म्हणाले. मग म्हणाले की मला तुझ्याशेजारी बसून दवाखान्यात यायचंय, गाडीतून, नाहीतर मग बसमधून. बसवाला थांबून ऐकत होता.

मी गाडीत जाऊन बसले. तुझा भाऊ म्हणतो, अट मोडलीस. अगं, एवढी वर्षं ओल्या जागी बसले, मला पाण्याचं काय नवल होतं? मी भिजत असताना शेजारचा माणूस म्हणायचा की तू भिजत नाहीस, ते मला सोसत नव्हतं. गाडी गळते हे त्यांनी एवढ्या वर्षांनी म्हटलं, तेव्हा रडू आलं. नव्या डोळ्याला रडायची परवानगी नाही, म्हणून मी ते तिथेच आवरलं.

डॉक्टर म्हणाले, डोळा छान आहे. आता कटकट वेगळीच झालीय. येताना पेट्रोल भरणाऱ्याला, भाजीवाल्याला, शेजाऱ्याला, जो भेटेल त्याला तुझे वडील मान पुढे करून दाखवतात की बघा, गळते. आज सकाळपासून दोघांना तर आत बसवून दाखवलं. मी म्हटलं आता पुरे, सगळ्यांना कळलं. पण ऐकतील तर शपथ.

सुट्टीत ये, मुलांना घेऊन ये. माया आहे तशीच ठेव, ती काही आमच्याकडून आटायची नाही.

तुझी,
आई