अण्णांच्या वाटीतल्या गोळ्या

सोमवार, ३
आज नव्या घरी कामाला लागले. भावजयीच्या स्वयंपाकघरात अंग चोरून राहण्यापेक्षा हे लाख पटीनं बरं! तिसरा मजला, मला स्वतंत्र खोली, खिडकीत छान ऊन. सांभाळायचं एकाच माणसाला. ते अण्णा, वय ब्याऐंशी. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. डोळ्यांना आता धड दिसत नाही, पण जीभ शाबूत. नावगाव न विचारता पहिला प्रश्न, चहा करता येतो की नुसतं गरम पाणी? त्यांची लेक नोकरीला जाते. मी तिला ताई म्हणते, ती मला मावशी. वयानं आम्ही बरोबरीच्याच असू, पण चालायचंच.

गुरुवार, ६
अण्णांना रोज सकाळी चार गोळ्या असतात. कुणी भरवलेलं खपत नाही. म्हणाले, या बोटांनी केसाएवढी स्प्रिंग बसवली, गोळी सोडवता येणार नाही होय? मग मी युक्ती काढली. गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीनं कापून एकेक चौकोन सुटा केला. चार चौकोन वाटीत ठेवायचे. अण्णा दाबून गोळी काढतात, पाण्याबरोबर घेतात, रिकामी वेष्टनं परत वाटीत टाकतात. गोंधळ नाही की कुरबुर नाही. ताई खूश! रविवारी माझी सुट्टी; त्या दिवशी त्याही असंच देणार म्हणाल्या.

बुधवार, १२
सोमवारपासून अण्णांचं पोट दुखतंय, बेंबीच्या उजवीकडे. जेवणावरून मन उडालंय. चहाला नावंसुद्धा ठेवली नाहीत. नेहमीचे डॉक्टर येऊन पोट दाबून गेले. गॅस आहे म्हणाले. आणखी एक गोळी लिहून दिली. तीही कापून वाटीत ठेवली.

शुक्रवार, १४
वाटी विसळायला घेतली आणि सहज मोजलं. सकाळी पाच ठेवल्या होत्या. वेष्टनं चार. पलंगाखाली पाहिलं, गादी उचलून पाहिली, अण्णांचे खिसे पाहिले. सगळ्या घेतल्या ना, असं विचारलं. हो म्हणाले. एक जरा घशात टोचली, पण गेली खाली. एक चौकोन हातात धरून बघितला. चारही कोपरे पात्यासारखे. बोटावरून फिरवला तर रेघ उमटली. पाचवं केरात गेलं असेल. ताईंना सांगितलं नाही.

शनिवार, १५
ताप. पोट फळीसारखं कडक. इस्पितळात आणलं. एक्स-रे स्वच्छ. डॉक्टरांनी विचारलं, काही गिळलं का? हाड, टाचणी, काडी, दाताचा तुकडा? म्हणाले, म्हातारी माणसं गिळतात आणि त्यांना पत्ताही नसतो. प्लास्टिक असेल तर एक्स-रेत दिसतही नाही. ताई नाही म्हणाल्या. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मीही नाही म्हटलं. तोंडातून निघून गेलं. आता परत कसं—

रविवार, १६
स्कॅनमध्ये आतड्याबाहेर हवा दिसली. म्हणजे भोक. तातडीनं ऑपरेशन. डॉक्टरांनी ट्रेमधून आणून दाखवला. चौकोन. गोळी अजून त्याच्या आतच. गेल्या रविवारी गोळ्या मीच दिल्या, ताई म्हणाल्या, फोनवर बोलत होते, लक्षच नव्हतं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मंगळवार, १८
अण्णा शुद्धीवर. नळीमुळे बोलता येत नाही. माझं मनगट धरलं. दोन बोटं दाखवली. मग पोटाकडे हात. ताईंना वाटलं, दोन घोट पाणी मागताहेत. मला कळलं. रविवारचा एक. आणि शुक्रवारचा — सांगितलं तर विचारतील, शनिवारी का नाही बोललात. उद्या. उद्या नक्की.

बुधवार, १९
ताप पुन्हा चढला. टाक्यांतून घाण येतेय. दुसऱ्या जागी फाटलंय. मी सांगितलंच नाही, डॉक्टरांना त्यांचं त्यांनाच कळलं. आता पुन्हा पोट उघडलं तर टेबलावरच जातील, डॉक्टर म्हणाले. काल कळलं असतं तर — म्हणत त्यांनी फाईल मिटली.
अण्णा माझ्याकडेच बघतात. दिसत नाही त्यांना नीट. तरी माझ्याकडेच.

गुरुवार, २०
पहाटे गेले.
ताई रडत नाहीत. एकच धरून बसल्यात, मीच मारलं बाबांना. मीच. पाणीसुद्धा घेत नाहीत. मघाशी माझे हात धरले. म्हणाल्या, मावशी, तुम्ही किती केलंत त्यांचं —
येताहेत इकडे. आता सांगते. सांगते की त्यांची चूक नाही, त्यांची अजिबात काही चूक नाही, चूक