वहिनींचा उखाणा आणि तुझा खेळ

प्रिय दादा,

तुला जाऊन आठ महिने झाले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण माझ्यासारख्या संस्कृतच्या मास्तराने दुःखाबद्दल लिहिलं की त्याचं स्तोत्र होतं, आणि स्तोत्राला तू जांभई देतोस. पण गेल्या आठवड्यात तुझा तो खेळ पुन्हा सुरू झाला आणि तीस वर्षांपूर्वीचा माझा एक अपराध उघडकीला आला. तो तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

होटगी स्टेशनातली ड्यूटी संपवून तू संध्याकाळी कॉम्प्युटर क्लासात शिकवायचास. क्लासने मोडीत काढलेलं मशीन तू रिक्षातून मांडीवर घेऊन आलास, नव्या नवरीला जपून आणावं तसं. खरी नवी नवरी दारात उभी राहून बघत होती.

वहिनींशी बोलायला लाजायचास, म्हणून त्यांच्यासाठी खेळ लिहिलास. चित्र नाही, आवाज नाही, नुसती मराठी वाक्यं, तीही इंग्रजी अक्षरांत. 'पुढे जा', 'दिवा घे' असं एकदोन शब्दांत सांगायचं की मशीन पुढची हकिगत सांगणार. एक मुलगी आपला माणूस शोधत तळ्याकाठून, बाजारातून फिरते आणि एका बंद दारापाशी येते. आतून प्रश्न येतो, 'कोण हवंय?' तिथं तुझं नाव लिहिलं की दार उघडणार. अरे शहाण्या, अख्खं सोलापूर त्यात घातलंस, आणि आपल्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, एवढंच कसं विसरलास?

भाषा तपासायला मला बसवलंस. मशीनला काही समजलं नाही तर काय म्हणावं, त्यासाठी तू लिहिलं होतंस, 'कळलं न्हाय, परत सांग की.' मी ते खोडून लिहिलं, 'आपले म्हणणे निरर्थक आहे.' केवढा अभिमान होता मला त्या वाक्याचा.

महिन्याभरात वहिनींनी खेळ सोडला. "तिला आवडलं न्हाय रे," तू म्हणालास. तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं, तरी मी गंभीरपणे सांगितलं की बायकांना यंत्राची गोडी नसते. तूही ऐकलंस! त्यानंतर तू फक्त गाड्यांच्या वेळापत्रकांचे प्रोग्रॅम लिहिलेस.

गेल्या आठवड्यात तुझ्या लेकीने, मुक्ताने, जुन्या फ्लॉपीतला खेळ लॅपटॉपवर चालू केला. भाकरी थापता थापता वहिनी म्हणाल्या, "मी पोचले होते की त्या दारापर्यंत."

"मग, आई?"

"मग काय. नुसतं नाव कसं घ्यायचं? उखाणा लिहिला."

आणि म्हणूनही दाखवला:

"सोलापुरी चादरीवर मोर विणले चार,
वसंतरावांचं नाव घेते, आता उघडा दार."

मुक्ता हसली. मला हसू येईना. दोन शब्दांपलीकडे तुझ्या मशीनला काही समजत नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

"लग्नात सगळ्यांनी घ्यायला लावलं होतं," वहिनी म्हणाल्या. "हे मी आपणहून घेतलं. तर म्हणे, आपले म्हणणे निरर्थक आहे."

"वहिनी, ते वाक्य माझं होतं. दादाचं नव्हे."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "तुमचं? अन् मी इतकी वर्षं मनातल्या मनात ह्यांच्यावर रुसले की, भाऊजी."

मग हात धुऊन लॅपटॉपपुढे बसल्या आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्यांनी तुझं नाव लिहिलं. दार उघडलं. आतला मजकूर तू मला कधी तपासू दिला नव्हतास. बरं केलंस.

'आलीस व्हय? लई वाट बघितली. बस हितं शेजारी. आता तू बोल, मी ऐकतो.'

खाली नुसता कर्सर लुकलुकत होता. वहिनींनी डोळे पुसले, खुर्ची पुढं ओढली आणि लिहायला लागल्या. लांबच लांब वाक्यं. मुक्ताने घाईघाईने माझं ते वाक्य खेळातून काढून टाकलं. आता मशीन काही म्हणत नाही, फक्त पुढची ओळ मोकळी करून देतं.

रोज दुपारी त्या तासभर लिहीत असतात. मधेच एकट्याच हसतात. काय लिहितात, मला माहीत नाही. दादा, तुला शब्द देतो: ते मी कधी वाचणार नाही, आणि शुद्धलेखन बघू का, असंही विचारणार नाही.

तुझा अतिशहाणा धाकटा भाऊ,
माधव