रडणारा चेहरा राहू द्यावा, खालची ओळ बदलावी

प्रति,
मा. परवाना अधिकारी (जाहिरात फलक),
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मोठ्या चौकातील सिनेमाच्या फलकावरून अर्जदाराचा रडका चेहरा न हटवता, त्याखालील फक्त एक ओळ बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : १) सदर चेहरा ताबडतोब हटवावा, असा अर्जदाराचाच मागील आठवड्यातील अर्ज.
२) "फलक सोमवारी उतरवण्यात येईल" असे आपले तत्पर उत्तर.

महोदय,

१. अर्जदार सार्वजनिक रुग्णालयाच्या धुलाई विभागात पर्यवेक्षक आहे. संदर्भ क्र. १ चा अर्ज त्याने रागाच्या भरात केला होता आणि तो इतक्या झटपट मंजूर होईल असे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते. कार्यालयांचा त्याचा आजवरचा अनुभव निराळा आहे. आता तोच अर्जदार स्वतःच्याच मागणीच्या आड येत आहे, याची त्याला लाज वाटते. ही या अर्जातली पहिली लाज असून पुढे आणखी आहेत, तरी आपण शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

२. सदर फलक रुग्णालयाच्या मागच्या फाटकासमोर आहे. त्यावर डावीकडे एक अक्राळविक्राळ प्राणी, उजवीकडे दुसरा, आणि मधोमध अंधारात बसून घळाघळा रडणारा अर्जदार. खाली हातभर अक्षरांत ओळ आहे : "आधीचा एकही भाग न पाहिलेल्यांनाही रडू आवरले नाही!" चादरींची गाडी चालवणारा चालक चौकात गाडी हळू करून फलकाला सलाम ठोकतो. इस्त्री विभागातल्या बायका कडक इस्त्री केलेले हातरुमाल अर्जदाराच्या टेबलावर ठेवून जातात, आणि वर "लागतील तेव्हा सांगा हं साहेब" असेही म्हणतात. विभागात अर्जदाराला मागून 'दगड' म्हणत, हे त्याला माहीत होते व त्याची हरकत नव्हती. हल्ली 'नळ' म्हणतात. पहिला अर्ज या कारणाने केला होता.

३. मात्र रडण्याचे खरे कारण समजण्यासाठी आपल्याला त्या सिनेमांची थोडी माहिती करून देणे भाग आहे. आपला वेळ मोलाचा आहे, पण इलाज नाही. पहिली मालिका चार भागांची. अंतराळात एक मालवाहू यान, त्यात थोडीशी माणसे आणि एक प्राणी, ज्याला चाहते 'मुका' म्हणतात. मुका आवाज करत नाही. उलट तो जवळ आला की असलेला आवाज नाहीसा होतो. यानाची घरघर थांबते, बोलणाऱ्याचे ओठ हलतात पण ऐकू काही येत नाही, आणि खुर्चीत बसलेला माणूस पाय वर ओढून घेतो. चार भागांत मुका पुरता असा एकदाही दिसलेला नाही. कधी दाराखालची सावली, कधी ओल्या पाठीचा तुकडा. उरलेला मुका ज्याने त्याने आपल्या पदरचा घालायचा, आणि माणूस पदरचे घालतो ते स्वतःला सगळ्यात जास्त भिववणारे.

दुसरी मालिका 'साचा'ची. साचा माणसाचा हुबेहूब छाप घेतो. जेवणाच्या टेबलाशी बसलेल्यांत खरा कोण आणि साचा कोण, हे सख्ख्या आईलाही कळत नाही. त्याच्या नखांची भीती कुणालाच वाटत नाही. भीती वाटते ती शेजारी बसलेल्या आपल्याच माणसाची.

४. हे दोघे समोरासमोर आले तर कोण जिंकेल, यावर दोन्हीकडचे चाहते वर्षानुवर्षे भांडत आले. अर्जदारानेही धुलाईची यंत्रे फिरत असताना उभ्या उभ्या त्यांच्या कित्येक लढती मनात लावल्या आहेत. म्हणून दोघांचा मिळून एकच सिनेमा येणार हे कळले तेव्हा त्याला गगन ठेंगणे झाले होते. चाहत्यांची चूक इथेच होते, महोदय. त्यांना वाटते, भीती दुप्पट मिळेल. पण दोन भीती एका पडद्यावर आणल्या की त्यांची बेरीज होत नाही. प्राणी एकमेकांशी झुंजण्यात गुंतले की प्रेक्षक मोकळा सुटतो, खुर्चीत रेलतो आणि कुस्ती बघू लागतो. कुस्ती दिसायला हवी म्हणून सगळीकडे भगभगीत उजेड. साचा कुणाचाही छाप घेत नाही, कारण मग तो गर्दीत ओळखू कसा येणार. तो आपला लोखंडी थोबाड घेऊन उघड हिंडतो. माणसे येतात ती पुढच्याला माहिती सांगतात आणि मरतात. त्यातल्या एकाचेही नाव अर्जदाराला आठवत नाही. मुक्याच्या पहिल्या भागात पंप दुरुस्त करणारी जी बाई होती, तिच्या कोणत्या बुटाची नाडी सुटली होती हे मात्र तो आजही सांगू शकतो (डाव्या). शेवटी दोन्हीकडची तिकिटे विकायची असल्यामुळे कुणालाच हरवायचे धाडस होत नाही, आणि दोघे गळ्यात गळा घालून एका खड्ड्यात पडतात.

आणि मध्यंतराआधीच मुका ओरडतो. चार भाग ज्याने हूं की चूं केले नाही, तो छाती पुढे काढून, कॅमेऱ्याकडे तोंड करून डरकाळी फोडतो. अख्खे थिएटर खो खो हसले. म्हैस रेकावी तशी ती डरकाळी होती, हे अर्जदारही नाकारत नाही.

५. एवढेच घडले असते तर अर्जदार घरी येऊन चार दिवस चडफडला असता. रडला नसता. पुढची हकिगत त्याने पहिल्या अर्जात मुद्दाम गाळली होती.

अर्जदाराला एकच मुलगी. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि तिचे नुकतेच लग्न झाले आहे. ती लहान असताना अर्जदार व ती रविवारी दुपारी खिडकीला चादर लावून थिएटरात पाहिलेले हे सिनेमे घरच्या टीव्हीवर पुन्हा पुन्हा बघत. (चादर रुग्णालयाची असली तरी रीतसर बाद झालेली होती. पावती सोबत जोडली आहे.) यानाची घरघर थांबली की दोघांनी श्वास रोखायचा, असा खेळ असे. ती गाल फुगवून, डोळे वटारून बसायची आणि दम संपला की अर्जदाराच्या कुशीत तोंड खुपसायची. अर्जदार मुळात कमी बोलणारा. बाप म्हणून मुलीशी त्याचे जे काही बोलणे आयुष्यात झाले, ते बहुतेक मुक्याबद्दलच झाले.

सासरी गेल्यावर तिने कौतुकाने सांगितले, "आमच्या बाबांना हे सगळे सिनेमे पाठ आहेत. काहीही विचारा त्यांना." व्याही दंतवैद्य आहेत, फार सज्जन माणूस. त्यांना असले काही बघवत नाही, तरी सुनेच्या शब्दाखातर त्यांनी पहिल्याच खेळाची सगळ्यांची तिकिटे काढली. डरकाळी झाली, थिएटर हसले, तेही हसले आणि अर्जदाराकडे वळून म्हणाले, "तुम्हाला खरंच आवडतं हे?" त्यात टोमणा नव्हता. अर्जदाराने फक्त 'हो' म्हणायचे होते. त्याऐवजी तो हसला, चांगला दात दाखवून हसला, आणि म्हणाला, "छे हो! मी यातला एकही पाहिलेला नाही. पोरीचं आपलं काहीतरी. वाढवून सांगायची सवयच आहे तिला लहानपणापासून."

मुलगी अर्जदाराच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. तिला सगळे ऐकू गेले. तिने मान वळवून बापाकडे एकदा पाहिले आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागली. तेव्हा अर्जदाराला वाटले, आता घरघर थांबली तर बरे होईल.

६. मध्यंतरात चित्रपटगृहाची एक तरुणी कागद घेऊन आली. "आधीचे भाग पाहिलेत का काका?" असे तिने विचारले. व्याही कॉफीचा पेला घेऊन शेजारीच उभे होते. जीभ एकदा घसरली होती, ती सावरायची ही नामी संधी होती. अर्जदाराने 'एकही नाही' या चौकोनात खूण केली, चेहरा जाहिरातीत वापरण्यास हरकत नसल्याची सही केली आणि पेन परत दिले. तेव्हा कंपनीला दोष देता येत नाही. उत्तरार्धात पडद्यावर काय झाले, ते अर्जदाराने नंतर लोकांकडून ऐकले. समोरच्या भिंतीवर कॅमेरा आहे हे त्याला माहीत नव्हते. असते तरी उपयोग झाला नसता.

७. एवढ्यावरही अर्जदार तोंड मिटून बसला असता, कारण ते त्याला उत्तम जमते. परंतु आपले उत्तर हाती पडले त्याच दिवशी त्याच्या पत्नीने दोरीवर कपडे घालता घालता एक गोष्ट सांगितली. व्याह्यांनी घरी सहज चेष्टेत विषय काढला, "काय सूनबाई, तुझे बाबा तर म्हणाले एकही पाहिला नाही!" त्यावर मुलगी म्हणाली, "हो, मीच जरा वाढवून सांगितलं होतं. बाबा असलं काही बघत नाहीत."

महोदय, तिने बापाची थाप स्वतःच्या अंगावर घेतली. नव्या घरात, नव्या माणसांत ती जाणूनबुजून खोटी ठरली, का, तर बाप उघडा पडू नये म्हणून. हे ऐकून अर्जदाराला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पत्नी म्हणाली, "फोन करा तिला." अर्जदाराने केला. तुमच्याकडे पाणी नीट येते का, असे विचारले. ती म्हणाली, येते. फोन ठेवला.

८. आपण सोमवारी फलक उतरवलात तर अर्जदाराची सुटका होईल. मुलीची होणार नाही. ती रोज त्याच चौकातून कामावर जाते, आणि ती थाप रोज तिच्या डोक्यावर हातभर अक्षरांत लटकत असते. फलक गेला तर थाप फक्त दिसेनाशी होईल. सबब अर्जदाराच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

अ) फलक उतरवण्याचा आदेश रद्द करावा. चेहरा आहे तसाच ठेवावा. आणखी मोठा करायचा असल्यास अर्जदाराची हरकत नाही.

ब) खालची ओळ पुसून तिथे असे लिहावे : "यांनी सर्व भाग पाहिले आहेत, मुलीसोबत. मुलगी खरे बोलत होती."

क) कंपनीने सहीचा कागद पुढे केल्यास, सही खरी व खूण खोटी असे हा अर्ज वाचून समजावे. विश्वास बसत नसल्यास चारही भागांवर अर्जदाराची तोंडी परीक्षा घ्यावी. आपण म्हणाल त्या दिवशी तो हजर राहील.

९. अशा ओळीने तिकिटे खपणार नाहीत, हे उघड आहे. चौकात लोक हसतील हेही उघड आहे. अर्जदार पन्नाशी ओलांडलेला, खात्यात वचक असलेला माणूस, आणि अंतराळातल्या प्राण्यासाठी रडतो म्हणून त्याला लोक आणखी नावे ठेवतील. ठेवू द्यावीत. त्या लाजेने एक माणूस मान खाली घालून चालेल. दुसऱ्या लाजेने त्याची मुलगी चालते आहे, आणि ते त्याच्याने बघवत नाही.

हे तिला तोंडाने सांगता आले असते तर आपल्याला तसदी देण्याची वेळ आली नसती, याची अर्जदाराला पूर्ण जाणीव आहे. तरी सहानुभूतीने विचार व्हावा.

आपला नम्र आणि खजील,

(सही)
पर्यवेक्षक, धुलाई विभाग
दिनांक : शुक्रवार, फलक उतरण्यापूर्वी

सोबत :
१) अर्जदाराच्या पहिल्या अर्जाची प्रत, रद्द समजण्यासाठी.
२) चारही भागांची तिकिटे. पहिली दोन जुन्या चित्रपटगृहाची असून अक्षरे पुसट झाली आहेत.
३) बाद चादरीची पावती.

प्रत माहितीसाठी :
१) व्यवस्थापक, चित्रपटगृह.
२) अर्जदाराचे व्याही, दंतवैद्य.
३) अर्जदाराची मुलगी. ही प्रत टपालाने जाणार नाही. अर्जदार ती उद्या तिच्या घरी जाऊन, क्र. २ समोर बसलेले असताना, स्वतः मोठ्याने वाचून दाखवणार आहे.